विमानतळाचा फाटा मागे पडल्यावर

नुकारेनी गावात अक्रोड झोडपायचे दिवस होते. हिरव्या सालींचा रस लागून बायकांचे हात काळे झाले होते. बालवाडीच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून अक्सिनिया घरी निघाली होती. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. पारास्किवा आजीच्या निळ्या फाटकापाशी एक मोटार उभी होती आणि आत अंगणात कुणी बाई हसत होती.

ते हसणं ऐकून अक्सिनिया फाटकाबाहेरच थांबली.

आधी नाकातल्या नाकात एक हुंकार, मग खोकल्यासारखं तुटक काहीतरी, आणि मग एकदम मोकळं. असं हसणारी एकच मुलगी तिला माहीत होती. कित्येक वर्षांपूर्वी, दक्षिणेतल्या एका बंदराच्या शहरात, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या एका घरात ती मुलगी तिच्या शेजारच्या गादीवर झोपायची. तसल्या जागीही तिला हसू यायचं.

"बाहेर का उभी गं अक्सिनिया? ये की आत!" पारास्किवा आजीनं हाक मारली. "आमच्या लेनुत्साचं नशीब उघडलं बघ!"

आत मेजावर भोपळा भरलेल्या गरम पोळ्या होत्या, घरच्या वाइनचा जग होता. आजीची नात लेनुत्सा गालांवर लाली चढवून बसली होती. आईच्या मागे आजीनंच वाढवलेली पोर, नुकतीच शाळा संपवून बसलेली, जगात कुठंतरी जायला उतावीळ. तिच्या शेजारी उंटाच्या रंगाचा उंची कोट घातलेली, केस सोनेरी केलेली बाई बसली होती.

"या विओरिका बाई," आजी म्हणाली. "इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मुली लावून देतात. तिकीट त्यांचं, कागदपत्रं त्यांची. परवा निघायचं!"

विओरिकानं मान वळवली. तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळ्यांवर मात्र, डबक्यावर पहाटे बर्फाचा पापुद्रा धरावा तसं काहीतरी धरलं. तिनं हात पुढे केला, आणि अक्सिनियाच्या उजव्या हाताची ती दोन वाकडी, न मिटणारी बोटं दिसताच झटकन मागे घेतला.

"यांना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय," ती आजीला म्हणाली.

"ही पण गेली होती ना बाहेर! बिस्किटांच्या कारखान्यात. तिथंच यंत्रात बोटं सापडली बिचारीची."

"यंत्रात," विओरिका म्हणाली. "अरेरे."

थोड्या वेळानं, पाणी प्यायचं निमित्त करून, ती अक्सिनियाबरोबर रस्त्यावरच्या विहिरीपर्यंत आली. पोहरा वर ओढत हळू आवाजात बोलू लागली.

"तू जिवंत आहेस हे मला माहीत नव्हतं."

"तू ही कामं करतेस?"

"मग काय करू? तुला आजारी पडलीस म्हणून इस्पितळाच्या दारात फेकून दिलं. तू सुटलीस. मला कुणी फेकलं नाही, ठेवून घेतलं. ठेवून घेतलेल्या माणसाला एक दिवस विचारतात, खाली राहतेस की वर येतेस? मी वर आले." तिनं पाणी प्यायलं नाही, नुसतं ओतून दिलं. "ऐक. तोंडातून एक शब्द काढलास, तर यंत्र कसलं होतं ते साऱ्या गावाला कळेल. आणि माझ्याबरोबरची माणसं माझ्यासारखी बोलत बसत नाहीत. तुझं घर कुठलं, ते मला आता कळलंय."

अक्सिनिया घरी आली आणि कडी लावून चुलीपाशी बसली. कुत्रं भुंकलं की ती उठून कडी पुन्हा चाचपून बघायची. तिला आठवण काढावी लागत नव्हती. ते सगळं आपोआप वर येत होतं, तुंबलेल्या मोरीसारखं. तो ओल्या चुन्याचा वास. दाराबाहेरून फिरणारी किल्ली. आणि ज्या दिवशी ती पळायला गेली, त्या दिवशी तिचा हात चौकटीत धरून त्याच्यावर आपटलेलं ते लोखंडी दार. त्यानंतर विओरिकानंच आपला परकर फाडून तिचा हात बांधला होता. आपल्या वाटणीचा पाव पाण्यात बुडवून तिला भरवला होता. तीच ही विओरिका.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या पोलिसाकडे गेली. तो आपल्या अंगणात द्राक्षांचा रस गाळत होता.

"ती बाई बरी नाही," अक्सिनिया म्हणाली.

"बरी नाही म्हणजे काय? काय केलं तिनं?"

तिनं तोंड उघडलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. पोलिसाची बायको, सून, शेजारी, सगळे कान टवकारून उभे होते.

"कागद मी बघितलेत, नीट आहेत," तो म्हणाला. "कुणाचं बरं झालं की आपल्या गावात लगेच कुणाच्या तरी पोटात दुखतं."

लेनुत्साही तेच म्हणाली. अक्रोडांच्या ढिगापाशी बसून ती साली सोलत होती.

"जाऊ नकोस पोरी. मी सांगते, जाऊ नकोस."

"का गं मावशी? तू गेलीस तेव्हा चाललं. आता मी निघाले तर तुझ्या पोटात दुखतंय. या चिखलात तुझ्यासारखी म्हातारी होऊन बालवाडीची भांडी घासत बसू?"

"लेनुत्सा, ती बाई तुला इटलीला नेणार नाही."

"मग कुठं नेणार?"

अक्सिनियानं ढिगातला एक अक्रोड उचलला आणि परत ठेवला. पोर हसली आणि काळ्या हातानं केस मागे सारून पुन्हा साली सोलू लागली.

संध्याकाळी अक्सिनिया फादर सेराफिमकडे गेली. म्हातारे पाद्री सुजलेले पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले होते. नुकारेनीत तिची खरी गोष्ट माहीत असलेला हा एकच माणूस. परत आल्यावर कित्येक वर्षं ती चर्चमध्ये मागच्या शेगडीपाशी उभी राहायची आणि लोक ख्रिस्तप्रसादाला पुढे गेले की हळूच बाहेर पडायची. त्या पेल्याजवळ जायची आपली लायकी नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. एका हिवाळ्यात मात्र तिनं पापांच्या कबुलीच्या वेळी फादरजवळ सगळं ओकून टाकलं होतं आणि शेवटी ओरडली होती, "तेव्हा कुठं होता तुमचा देव?" फादर म्हणाले होते, "मला माहीत नाही." त्यांनी दुसरं काही उत्तर दिलं असतं तर ती परत कधी त्या दारात गेली नसती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला प्रसादाचा पाव भाजायचं काम दिलं. "या हातांनी?" तिनं विचारलं होतं. "याच," ते म्हणाले होते. तेव्हापासून ती पाव भाजत होती. खात मात्र नव्हती.

"फादर, तुम्ही सांगा ना पारास्किवा आजीला. तुमचं ऐकेल ती."

"गेलो होतो सकाळी काठी टेकत. जाऊ देऊ नको म्हटलं. म्हातारी म्हणते, तुम्हाला जगाचं काय कळतंय फादर, तुम्ही मधमाश्या पाळा." ते कसनुसं हसले. "त्यापुढे काय बोलू? मला जे ठाऊक आहे ते कबुलीत ऐकलेलं. ते माझ्या तोंडून निघायचं नाही, जीव गेला तरी. ते फक्त तुझं आहे."

"मला बोलता येत नाही. मी तोंड उघडते आणि मला ते दार ऐकू येतं."

पाण्यातली वाफ विरत चालली होती. फादर तिच्या हाताकडे बघत होते.

"तू एकदा मला विचारलं होतंस. त्याचं उत्तर अजून मला सापडलेलं नाही. आणि देवानंच ते तुझ्यावर आणलं असं कुणी सांगायला आला, तर त्याच्या तोंडावर दार लाव. पण मुली, एक गोष्ट मी रोज बघतो. येशू मेलेल्यांतून उठला, तेव्हा त्याला कोरं करकरीत शरीर घेता आलं असतं. नाही घेतलं. जखमा ठेवल्या. त्याची माणसं भीतीनं दारं लावून बसली होती. त्यांच्यात जाऊन त्यानं आधी काय केलं? हात दाखवले."

"माझ्या जखमा म्हणजे काही त्याच्या जखमा नाहीत."

"नाहीत? मला वाटतं, तो त्या आपल्याच मानतो."

अक्सिनिया उठून रुमाल बांधू लागली. तिला राग आला होता. कसला ते कळत नव्हतं. निघताना फादर म्हणाले, "राजधानीत, चिशिनाऊत, सिस्टर मक्रिना आहेत. अशा मुलींसाठी घर चालवतात. मी त्यांना फोन करून ठेवतो. कुणाचं, काय, ते नाही सांगणार. दार उघडं ठेवा, एवढंच सांगेन."

सकाळी पारास्किवा आजीच्या फाटकापाशी अर्धं गाव जमलं होतं. आजी रडत होती, हसत होती, लेनुत्साच्या पिशवीत अक्रोड कोंबत होती. गाडीत चालकाच्या जागी एक मानेचा जाड तरुण सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता. गेना त्याचं नाव. तो नदीपलीकडचा, त्याला रशियनच यायची, गावाची भाषा कळत नव्हती. लोक त्याला वाइन देऊ लागले की तो नुसती मान हलवायचा आणि सालपटं खिडकीबाहेर थुंकायचा.

अक्सिनिया रुमाल बांधून, हातात पिशवी घेऊन आली. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं असं ठरवून ती घरून निघाली होती. पण ती माणसं दिसली, त्यांचे ओळखीचे चेहरे दिसले, आणि ठरवलेलं वाक्य तिनं गिळून टाकलं. विओरिका गाडीला टेकून शांतपणे तिच्याकडे बघत होती. हिच्याच्यानं होणार नाही, हे तिला माहीत होतं.

"मला चिशिनाऊच्या इस्पितळात जायचंय," अक्सिनिया म्हणाली. "गाडीत जागा आहे का?"

"जागा नाही," विओरिका चटकन म्हणाली.

"अगंबाई, मागं अख्खी बैठक रिकामी आहे!" पारास्किवा आजी म्हणाली. "बस गं अक्सिनिया. पोरीला तेवढीच सोबत. काय हो बाई, एवढ्याशानं तुमची गाडी झिजणार आहे का?"

लोक हसले. इतक्या माणसांपुढे नाही म्हणायला विओरिकाला तोंड राहिलं नाही. ती पुढे बसली आणि दार जरा जास्तच जोरानं लावलं. त्या आवाजानं अक्सिनिया दचकली. तरी ती चढली.

गाडी चिशिनाऊकडे निघाली. दोन्ही बाजूंना काळी शेतं आणि धुक्यात उभे राहिलेले सूर्यफुलांचे वाळके दांडे. शहर आलं. इस्पितळाच्या वळणावर गेनानं गाडी हळू केली.

"उतर," विओरिका म्हणाली.

"विमानतळापर्यंत येते. पोर पहिल्यांदाच चाललीय."

"उतर म्हटलं ना!"

"येऊ दे की बाई," लेनुत्सा म्हणाली. आता तिला जरा भीती वाटू लागली असावी. तिनं अक्सिनियाची बाही धरून ठेवली होती.

मागून गाड्यांचे भोंगे वाजू लागले. गेना वैतागून रशियनमध्ये काहीतरी बोलला आणि गाडी पुढे काढली. विओरिकानं आरशात पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि त्याखाली दुसरंही काही. अक्सिनियाला ते ओळखीचं वाटलं. ती भीती होती.

विमानतळाचा फाटा आला. विमानाचं चित्र असलेली पाटी धुक्यातून वर आली, जवळ आली आणि मागे पडली. गेनानं एक कळ दाबली. चारही दारं खट्कन लागली.

लेनुत्सानं मागे वळून पाहिलं. "विमानतळ राहिला ना मागे?"

"सीमेपलीकडून, ओदेसाहून विमान आहे," विओरिका पुढे बघतच म्हणाली. "स्वस्त पडतं."

 तेव्हाही हाच रस्ता होता. तेव्हाही कुणीतरी स्वस्त पडतं म्हणालं होतं. सीमा, मग बंदर, मग जहाज.  अक्सिनियानं डोळे मिटले. येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर, एवढंच ती म्हणाली, पुन्हा पुन्हा, श्वासागणिक.  मग ज्या बोलण्याचा तिला राग आला होता ते फादरचं बोलणं आठवलं, आणि तिनं आपला उजवा हात उचलून लेनुत्साच्या मांडीवर ठेवला.

"ही बोटं यंत्रात सापडली नाहीत," ती म्हणाली.

आवाज फाटका होता, पण होता.

"बिस्किटांचा कारखाना नव्हताच. मला म्हणाले होते, हॉटेलात काम आहे. याच रस्त्यानं नेलं. ओदेसात पासपोर्ट काढून घेतला, सांभाळून ठेवतो म्हणाले. जहाजातून उतरल्यावर एका घरात नेलं. खिडक्यांना फळ्या होत्या. तिथं आम्ही मुलीच मुली होतो. रोज माणसं यायची. कसली माणसं, कशासाठी, ते तुला सांगायला नको. तू लहान नाहीस."

लेनुत्सा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या गालांवरची लाली तेवढी वेगळी दिसू लागली. बाकी चेहरा पांढरा पडला होता.

"एकदा मी दारापर्यंत पोचले. त्यांनी माझा हात चौकटीत धरला आणि दार आपटलं. एकदा नाही."

"काय बडबडतेय ही?" गेनानं विओरिकाला रशियनमध्ये विचारलं.

गाडीत क्षणभर फक्त बिया फुटल्याचा आवाज. विओरिकानं एक शब्द उच्चारला असता, तर पुढे काय झालं असतं ते तिघींनाही माहीत होतं.

"सासूची गाऱ्हाणी," विओरिका म्हणाली. "खेड्यातल्या बायका. बडबडू दे."

गेना फिस्सकन हसला.

"त्या रात्री एका मुलीनं आपला परकर फाडून माझा हात बांधला," अक्सिनिया बोलत राहिली. आता ती लेनुत्साशी बोलत नव्हती. "त्यांनी मला उपाशी ठेवलं, तर स्वतःचा पाव तिनं पाण्यात बुडवून मला भरवला. मला म्हणाली, तू मेलीस तर मी कुणाबरोबर हसू? मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते. अजून करते. तिचं नाव सांगू, लेनुत्सा?"

"गप्प बस," विओरिका म्हणाली. ती ओरडली नाही. काचेबाहेर बघत होती, आणि काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ येत होतं, जात होतं.

लेनुत्साला रडू फुटलं, तसं अक्सिनियानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. "आवाज नको," ती कानात म्हणाली. "गाडी लागलीय असं दाखव."

सीमेच्या थोडं अलीकडे, उजाड माळावर एक पेट्रोलपंप होता. विओरिकानं गेनाला थांबायला सांगितलं. पोरगी गाडीत ओकेल, मग वास घेत बस, असं काहीतरी ती त्याला खेकसून म्हणाली. त्यानं कुरकुरत गाडी वळवली आणि नळी लावायला खाली उतरला. विओरिकानं दोघींना दंडाला धरून दुकानामागच्या संडासाकडे नेलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, पळू नयेत म्हणूनच धरलंय. भिंतीच्या आड आल्यावर तिनं हात सोडले. पर्समधून पासपोर्ट काढून लेनुत्साच्या हातात कोंबला.

"पलीकडे कोबीचा टेम्पो उभा आहे. बाजारच्या बायका आहेत. चढा आणि खाली वाका."

"तूही चल," अक्सिनिया म्हणाली.

"माझी मुलगी आहे. शाळेत जाते. कुठल्या शाळेत, ते त्यांना माहीत आहे."

"विओरिका, चल. चिशिनाऊत सिस्टर मक्रिना आहेत, त्या..."

"माझ्यासाठी कुणी गाडीत चढलं नव्हतं," विओरिका म्हणाली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं; हसू येतंय की रडू, ते तिलाही कळलं नसावं. "मी त्याला सांगेन, आत आहेत, पोरीचं पोट बिघडलंय. थोडा वेळ मिळेल. जा, जा आता! माझं मन बदलायच्या आत जा!"

त्या धावल्या. टेम्पोतल्या बायकांपैकी एका जाडजूड बाईनं लेनुत्साचा चेहरा पाहिला आणि एक प्रश्न न विचारता फळका उघडला. कोबीच्या गड्ड्यांमध्ये दोघी आडव्या झाल्या. वरून ओली ताडपत्री आली. टेम्पो निघाला, तेव्हा मागून गेनाचा आवाज आला. आधी हाक होती, मग शिवी. मग एका बाईचा आवाज, आणि तो मधेच तुटला. अक्सिनियानं उठायचा प्रयत्न केला. लेनुत्सानं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

अंधारात, कोबीच्या वासात, पोरीनं तिचा उजवा हात शोधून काढला. ती दोन बोटं आपल्या मुठीत घेतली. "मी तुला म्हातारी म्हटलं," ती हुंदके देत म्हणाली. "भांडी घासतेस म्हटलं."

"घासतेच की," अक्सिनिया म्हणाली.

सिस्टर मक्रिनांचं दार खरोखरच उघडं होतं. पुढे शहरातल्या तपास अधिकाऱ्यांसमोर अक्सिनियानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मधे मधे तिची जीभ चिकटायची, मग ती थांबायची, पाणी प्यायची आणि पुढे बोलायची. गाडी त्यांना सीमेजवळच्या झुडपात सापडली, रिकामी. गेना नाही, विओरिका नाही. विओरिकाच्या मुलीसाठी त्यांनी आधी माणसं पाठवली, पण तिच्या आजीनं तिला घेऊन गाव सोडल्याचं कळलं. आपणहून गेल्या की कुणी नेल्या, ते कुणालाच सांगता आलं नाही.

नुकारेनीत गोष्ट अक्सिनिया आणि लेनुत्साच्या आधी पोचली होती. एका सकाळी अक्सिनिया उठली, तर तिच्या फाटकाला डांबर फासलेलं. बाईला बदचालीची ठरवायची असली की इथं तिच्या फाटकाला डांबर फासतात; त्याचा अर्थ गावाला विचारावा लागत नाही. ती त्याच्याकडे बघत उभी होती, तेवढ्यात पारास्किवा आजी रॉकेलची बाटली आणि घासणी घेऊन रस्त्यानं आली. म्हातारी गुडघ्यांवर बसली आणि खालच्या फळ्या घासू लागली.

"आजी, उठा. गुडघे दुखतील तुमचे."

"दुखू देत!" म्हातारी कडाडली. शेजारच्या फाटकातून दोन बायका डोकावत होत्या, त्यांना ऐकू जाईल अशी. "माझ्या पोरीसाठी ही बाई पुन्हा त्या नरकाच्या गाडीत चढली! आणि तुम्ही काय केलंत? अक्रोड सोललेत! ये की गं इकडे, बघतेस काय? घासणी घे!"

त्यांतली एक आली. दुसरी आत गेली.

डांबर पुरतं गेलं नाही. आणि भीतीही गेली नाही. अनोळखी गाडी गावात शिरली की अक्सिनियाचा हात चुलीवरच थांबायचा. दोनदा कुणी फोन करून नुसता श्वास घेत राहिलं. पोलीस आता दिवसातून एकदा तिच्या घरावरून चक्कर मारायचा, आणि तिच्याशी बोलताना टोपी काढायचा.

गुरुवारी गुरुवारी ती सिस्टर मक्रिनांकडे जाऊ लागली. तिथं परत आलेल्या मुली असायच्या. काही भांडकुदळ, काही अगदी गप्प. एक तर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, कुणी शिवलं तर किंचाळायची. सिस्टरांनी, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले होते. अक्सिनिया तिच्याशी काही बोलली नाही. तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि हात खाटेच्या कडेवर ठेवून दिला. दुपारभर तशीच बसली. उन्हं उतरता उतरता मुलीनं मान वळवली, ती बोटं पाहिली, आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "दारात?"

"दारात," अक्सिनिया म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती रडली. दुःखाचं रडणं नव्हतं ते, आनंदाचंही नव्हतं. ते घर, त्या फळ्या, ते दार, यांतलं काहीही चांगलं झालं नव्हतं. ते कधीच चांगलं होणार नव्हतं. पण आजवर ती त्या घरात एकटीच कोंडलेली होती, आणि आज तिथूनच एका मुलीपर्यंत रस्ता निघाला होता. तो तिनं काढलेला नव्हता. आपल्या आधी कुणीतरी तिथं, त्या ओल्या चुन्याच्या वासात, आपल्या शेजारी बसलेलं होतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. वाटलं एवढंच. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, फादरनाही नाही.

पण त्या रविवारी, लोक ख्रिस्तप्रसादाला पुढे निघाले तेव्हा, ती शेगडीपासून हलली आणि रांगेत उभी राहिली. पुढे पेला धरून फादर सेराफिम उभे होते. तिनं भाजलेला पाव, वाइनमध्ये भिजलेला, त्यांनी चमच्यानं तिच्या तोंडात घातला आणि तिचं नाव घेतलं.

बाहेर पडताना तिनं दारापाशी एक मेणबत्ती घेतली. नुकारेनीच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला दोन कप्पे आहेत, वरचा जिवंतांसाठी आणि खालचा मेलेल्यांसाठी. मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीनं सवयीनं विचारलं, "कुठं लावायची गं? वर की खाली?"

अक्सिनियाला माळावर तुटलेला तो आवाज ऐकू आला.

"वर," ती म्हणाली.

दाराशी वारा होता. दोनदा ज्योत विझली. तिसऱ्यांदा तिनं हाताचा आडोसा धरला आणि ज्योत उभी राहीपर्यंत तिथंच थांबली.